आरशातून घेतलेले डोळे

परभणीत मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो, आणि वारलेल्या माणसांची रंगीत चित्रं सुट्टीत फोटोवरून काढून द्यायचो. गिऱ्हाइकानं ‘हुबेहूब’ म्हटलं की मला हमखास शंका यायची. लोक चेहरा बघतच नाहीत. टोपी, गंध आणि मिशीची ठेवण जुळली की बाकीचा माणूस ते मनानंच भरून घेतात. एकदोनदा मी मुद्दाम दुसऱ्याचे कान लावून पाहिले. घरच्यांनी त्या कानांनाही हार घातला.

पेडगावची एक बाई नवऱ्याच्या वर्षश्राद्धासाठी चित्र करून घ्यायला आली, सोबत दीर. फोटो एकच, लग्नाच्या पंगतीतला, आणि त्यात नवरा वाढप्याकडे बघत होता. दीर म्हणाला, चित्र दारासमोर लावायचंय, माणूस समोर बघणारा पाहिजे. आमच्या भागात तशी रीतच आहे. पण समोर बघणारे डोळे आणायचे कुठून? मी आरसा ठेवला आणि माझेच काढले. दीर खूश झाला आणि चित्र घेऊन दोघं गेली.

पंधरा दिवसांनी ती एकटीच आली, चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळून. डोळे बदलून द्या म्हणाली. आपण घरात कुठंही गेलो तरी समोर बघणारं चित्र आपल्याकडंच बघतंय असं वाटतं, तो आपल्याच नजरेचा खेळ असतो, हे मी तिला समजावलं. मनात मात्र आलं, हिला नजर बोचतेच का? दिराला न सांगता आली होती, त्यावरून तर हिला काहीतरी लपवायचंय अशी माझी खात्रीच पटली. शेवटी विचारलंच, नवऱ्याची एवढी भीती कशाची?

“हे त्यांचे डोळे न्हाईत, सर,” ती म्हणाली. “तीस वर्सं मी रानातून, बाजारातून कदी बी घरी आले, कुठं गेलतीस म्हणून त्यांनी मान वर केली न्हाई. हे कोण हाय, रोज माझी झडती घ्यायलाय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे कुणाचे, ते काही मी सांगितलं नाही. नजर फोटोतल्यासारखी बाजूला वळवून देतो आणि दिराची समजूत मीच काढतो, एवढंच म्हणालो.

त्या दिवशी संध्याकाळी बायको बाजारातून आली. मी ठरवून पेपरात डोकं घातलं होतं, वर बघितलंही नाही. तरी चपला काढता काढता तिनं, मी न विचारताच, उशीर का झाला ते सांगायला सुरुवात केली.