एका नावाचं एकच कार्ड

रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेची मूळ फाईल उघडली नाही, ही माझी चूक. कार्ड चुकीचं छापलं गेलं ती त्याआधीची, आणि तीही माझीच; पण ती नकळत झाली होती. फोनवरची मात्र गुर्मीतून झाली.

गावागावांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करणाऱ्या एका संशोधन प्रकल्पाचं आकडेवारीचं काम मी चंद्रपूरला बसून करतो. शिबिरात रक्त घेतात, प्रयोगशाळा निकाल पाठवते. या सगळ्या याद्या जोडायच्या, साफ करायच्या आणि त्यातून तक्ते, नकाशे आणि लोकांना द्यायची कार्डं काढायची, यासाठीचा प्रोग्राम मी लिहिला होता. बटण दाबावं, चहा घेऊन यावं, तोवर सगळं तयार. पाहुण्यांना मी तो हौसेनं दाखवायचो.

डॉक्टर धानोऱ्याच्या बाजूचे. म्हणाले, "एक बाळ आहे. हातपाय सुजतात, रडणं थांबत नाही. सिकलसेल निघाला. आई वाहक आहे. पण बापाकडे तुमचं कार्ड आहे, त्यावर नॉर्मल लिहिलंय. दोघांकडून दोष आल्याशिवाय बाळाला हा आजार होत नाही. एकदा बघता का?"

मी साफ केलेल्या फाईलमध्ये नाव शोधलं. "नॉर्मलच आहे, सर. आमचा डेटा पक्का असतो."

ते म्हणाले, "बाप तेलंगणात मिरची तोडायला गेलाय, नाहीतर परत रक्त घेतलं असतं. इकडे सासू म्हणते, मग पोर आमचं नाही. ती बाई बाळाला घेऊन माहेरी गेली."

फोन ठेवल्यावर काम पुढं सरकेना. घरी जेवताना बायको म्हणाली, "भाजी बिघडली का? काऊन असे चिवडून राह्यले?" मी काहीतरी पुटपुटलो. 'आमचा डेटा पक्का असतो' हे माझं वाक्य मलाच पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

सकाळी ऑफिसात जाऊन प्रयोगशाळेकडून आलेली मूळ फाईल उघडली. त्या नावाच्या दोन ओळी होत्या. तेच नाव, तेच आडनाव, तेच गाव, जन्मतारीख एक जून. त्या गावात नातवाला वारलेल्या आजोबांचं नाव ठेवतात. हे दोघे एकाच आजोबांचे नातू, चुलतभाऊ, एकाच वर्षी जन्मलेले, हे नंतर कळलं. शाळेत घालताना गुरुजींनी दोघांची तारीख एक जून लावलेली. वेगळं होतं फक्त त्या दोघांच्या बापांचं नाव. आणि बापाच्या नावाचा रकाना यादीत निम्मा रिकामा असतो म्हणून जुळवणीतून तो मीच काढून टाकला होता. या दोन ओळींत तो भरलेला होता.

माझ्या प्रोग्रामनं दोघांना एक माणूस धरलं, शेवटची ओळ ठेवली आणि एकच कार्ड छापलं. शेवटची ओळ चुलतभावाची होती, नॉर्मल. बाळाचा बाप वरच्या ओळीत होता, वाहक. कार्ड वाटायला आलं तेव्हा तो घरी होता. नाव आपलं, म्हणून त्यानं घेतलं.

मी तेव्हाच फोन करायला हवा होता. केला नाही. आधी प्रोग्राम दुरुस्त केला, मग असे आणखी कोणी गळाले का ते शोधलं, आणि सापडत गेले तसतसा जास्तच घाबरलो. प्रकल्पाचा शोधनिबंध जायचा होता. तो जाऊ दे, मग सांगू, असं स्वतःला समजावत राहिलो. खुर्चीतून उठायचो, व्हरांड्यात जायचो, डॉक्टरांचा नंबर काढायचो, परत आत. एका बाईवर घरादारात बोट रोखलेलं होतं, आणि मी तक्त्यांचे रंग बदलत होतो.

शेवटी वरिष्ठांना सांगितलं आणि डॉक्टरांना फोन केला. ते चिडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, "मला सॉरी म्हणून काय होणार? तिला सांगा." त्यांनी तेलंगणात बापाला फोन लावून विचारलं, तुझा निकाल घरच्यांना सांगू का. तो म्हणाला, सांगा माझ्या घरी.

आधी मी तिच्या माहेरी गेलो. अंगणात मोहफुलं वाळत होती, बाळ तिच्या कडेवर. मी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मले काऊन सांगता? मले त माहीतच होतं. तिकडं चला. मी बी येतो."

बाळाला घेऊन ती माझ्या गाडीत बसली आणि आम्ही तिच्या सासरी आलो.

सासूनं बाज टाकली, पाणी दिलं, पण सुनेकडे पाहिलं नाही. शेजारच्या बाया कुडाशी जमल्या. मी बॅगेतून दुरुस्त केलेलं कार्ड काढलं आणि ऑफिसात बोलतो तसं बोलू लागलो: नोंदी एकत्र झाल्या, संगणकात गडबड झाली, निकाल बदलून छापला गेला.

"तवा एक कागद देल्ला, आता दुसरा आणला," सासू म्हणाली. "उद्या तिसरा आणान. कोणता खरा समजाचा, भाऊ?"

"हा खरा आहे. तो मशीननं..."

"मशीननं चुकवलं म्हणता, त मशीनलेच आणाचं होतं ना माफी मांगाले!"

बाया हसल्या. सून हसली नाही. ती दारातच उभी होती, अजून आत आली नव्हती.

मी कार्ड बाजेवर ठेवलं, उठलो आणि तिच्याकडे वळलो.

"मशीननं नाही, बाई. दोन माणसांना एक मी धरलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा न बघता मी सांगितलं. खरं कळल्यावरही मी गप्प बसलो, आणि तेवढे दिवस तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं. बाळ याच घरचं आहे. तुमची चूक नव्हती, माझी होती. मला माफ करा."