बंद कपाट आणि दहा पूर्णांक दोन

किश्शांचं एक बरं असतं, ते मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माणूस एखाद्या संस्थेत मान खाली घालून पुरेशी वर्षं बसला की ते आपोआप साचतात. उसाच्या ट्रॉलीमागून सायकल चालवणाऱ्याच्या अंगावर पाचटाचा कचरा साचतो ना, तसे. घरी येऊन झटकायला लागल्यावर कळतं, केवढं हे!

नव्वदच्या दशकात मी बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. चारी बाजूंना ऊस आणि मध्ये आम्ही. माझ्याकडे पीएच.डी. होती. तिची तिथे कुणालाच गरज पडली नाही. आता वय झालंय. सांगताना मध्येच शंका येते की हे खरंच घडलं की मी वाढवून सांगतोय. परवा रसायनशास्त्राचे गोफणे सर भेटले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही कमी करूनच सांगता!"

मग सांगतो.

*

आमच्या प्रयोगशाळेत एक काचेच्या दारांचं कपाट होतं. ब्युरेट, पिपेट, सूक्ष्मदर्शक, भिंगं, सगळं त्यात. आणि कपाटाला कुलूप. किल्ली प्राचार्यांच्या कमरेला!

मी नवा होतो. म्हणालो, "सर, मुलांना साहित्य वापरायला द्यायला हवं."

प्राचार्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "डॉक्टर, वापरलं की फुटतं."

"पण मग ते आणलंय कशाला?"

"असायला हवं म्हणून!"

सूक्ष्मदर्शकावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मुलं काचेला नाक लावून बघायची. प्राणिसंग्रहालयात बघतात तशी.

*

मग टायट्रेशन (ॲसिडमध्ये रंग बदलेपर्यंत थेंब थेंब अल्कली सोडायची आणि किती लागली ते मोजायचं) कसं शिकवायचं? गोफणे सरांनी त्यावर तोडगा काढला होता. ते फळ्यावर खडूने उभी ब्युरेट, म्हणजे तळाला नळ असलेली मोजनळी काढायचे, खाली फ्लास्क. मग डाव्या हाताने हवेतला नळ फिरवायचे आणि उजव्या हाताने हवेतला फ्लास्क हलवायचे. "थेंब थेंब सोडा! गुलाबी रंग आला की थांबा!"

समोर साठ मुलं हवेत नळ फिरवत बसलेली. मी दारातून पाहत होतो. मनात आलं, आपलंच शिक्षण चुकलं असावं.

एवढ्यात मागच्या बाकावरून कळस गावचा एक पोरगा ओरडला, "सर, माझं जास्त पडलं!"

गोफणे सर शांतपणे म्हणाले, "ओतून टाक. पुन्हा कर."

त्याने ओतून टाकलं!

*

प्रयोग हवेत केला तरी रीडिंग वहीत लागतंच. तेही ठरलेलं होतं, मिलिलिटरमध्ये. दहा पूर्णांक दोन. कुणा आद्य बॅचला कधी काळी ते आलं असावं. पुढे दरवर्षी सगळ्यांना तेच. द्रावण कुणीही करो, कसंही करो, दहा पूर्णांक दोन!

एकदा बारावीतल्या उज्ज्वलाने विचारलं, "सर, सगळ्यांचं एकच कसं काय?" निरवांगीची मुलगी. वडील एसटीत कंडक्टर, आई शेतावर. रोज पहिल्या गाडीने यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. तिचा धोशा एकच होता, "सर, कपाट कधी उघडणार?"

गोफणे सर म्हणाले, "विज्ञान आहे गं. विज्ञानात सगळ्यांना एकच उत्तर येतं."

ती खाली बसली. पण तिचं समाधान झालेलं नव्हतं, हे तिच्या पाठीवरूनही कळत होतं.

*

पालकसभेला तिचे वडील आले. खाकी कपड्यांतच, ड्युटीवरून. मला म्हणाले, "सर, हिला पुण्याला बी.एस्सी.ला जायचंय. मी शब्द दिलाय. बारावी चांगल्या मार्कांनी झाली तर पाठवणार. न्हाय तर हिच्या मामानं करमाळ्याचं स्थळ आणलंय, लोक थांबायला तयार न्हाईत. लेखीची भीती न्हाय मला. ह्या प्रॅक्टिकलला नेमकं काय करायचं असतं?"

मी तोंड उघडायच्या आत प्राचार्य म्हणाले, "करायचं काही नसतं हो. फक्त परीक्षा असते!"

उज्ज्वला बापाच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. उसाला पाणी चाललं होतं.

*

उज्ज्वला येण्याआधी एका वर्षी तपासणीची कमिटी येणार होती. आदल्या दिवशी प्राचार्यांनी कपाट उघडलं आणि बाटल्यांच्या रांगेकडे पाहून कपाळाला हात लावला. फिनॉल्फ्थॅलीनची बाटली अर्धी झाली होती. ॲसिड-अल्कलीच्या टायट्रेशनमध्ये गुलाबी रंग येतो तो ह्या इंडिकेटरच्या दोन थेंबांमुळे. बंद कपाटात, कुणी हात न लावता, ती अर्धी झाली होती! स्पिरिटच ते, उडणारच.

"भरा," प्राचार्य म्हणाले.

"कशाने?" गोफणे सर.

"पाण्याने! पातळी दिसली पाहिजे."

पुढच्या वर्षी पुन्हा उडालं, पुन्हा भरलं. त्याच्या पुढच्या वर्षीही; औषध तळाशी साका होऊन बसलं आणि वर उरलं नुसतं पाणी. मी म्हणालो होतो की असं करू नका. निदान म्हणालो असं मला आठवतं. हळू म्हणालो असेन.

कमिटीतल्या साहेबांनी त्या पहिल्याच वर्षी काठोकाठ बाटली बघितली आणि शेरा मारला, "साहित्याची निगा उत्तम. काटकसर अनुकरणीय!"

*

कपाट पूर्ण उघडायचं ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला. शेतकरी अवजारं पुजतो, आम्ही उपकरणं पुजायचो. संस्थेचे अध्यक्ष तात्या स्वतः यायचे. टेबलावर चादर, तिच्यावर सगळी काचसामग्री, प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट, झेंडूचं फूल. उज्ज्वलाच्या बारावीच्या वर्षी तात्यांनी प्लास्टिक वर सरकवून सूक्ष्मदर्शकालाही भक्तिभावाने कुंकू लावलं. नेमकं भिंगावर.

मग त्यांना बघायची हौस आली. एक डोळा मिटून, दुसरा लावून बराच वेळ वाकले. उठून म्हणाले, "आरं तिच्या! लाल लाल जंतू हायत की!"

प्राचार्य म्हणाले, "होय तात्या. फार पॉवरफुल आहे!"

त्या वर्षी उज्ज्वला सुट्टीतही आली होती. पूजेसाठी नव्हे, तिच्या घरी हे काही करत नाहीत. ती आली होती कपाट उघडणार म्हणून. प्राचार्यांसमोर जाऊन म्हणाली, "सर, आता सगळं भायेरच हाय, तर एकदा टायट्रेशन करू का? धुऊन ठेवते."

प्राचार्य दचकले. "अगं, आज? आज शस्त्रं खाली ठेवायची असतात!"

आरती झाली. उरलेल्या हळदीची पुडी खालच्या फळीवर ठेवली गेली आणि कुलूप लागलं.

*

आणि मग फेब्रुवारीतली प्रॅक्टिकल परीक्षा.

परीक्षक पुण्याचे. मागच्या वर्षीही तेच होते. आमच्याकडचं मटण त्यांना आवडलं होतं. ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेत असताना गोफणे सर टेबलांमधून फिरले आणि प्रत्येकाच्या कानाशी मंत्र सांगितल्यासारखे पुटपुटले, "दहा पूर्णांक दोन." मुलं लिहून मोकळी. ब्युरेट हातात पहिल्यांदाच आलेली, ती फुटू नये एवढीच सगळ्यांना काळजी.

उज्ज्वला मात्र खरोखर नळ सोडत होती.

"सर, रंग येत न्हाय."

"येईल," गोफणे सर म्हणाले. "तू लिही."

"आधी लिहू का आधी येऊ दे?"

"अगं, परीक्षा आहे! प्रयोग करत बसू नकोस!"

तिने बाटली उजेडात धरून पाहिली. मग परीक्षेपुरत्या उघडलेल्या कपाटापाशी गेली, खाली वाकली आणि परत आली. मला वाटलं फडकं घ्यायला गेली असेल. मी सुपरवायझर होतो; मला बरंच काही वाटत असायचं.

परीक्षक आले. वह्या चाळत चाळत तिच्यापाशी थांबले.

"सगळ्या बॅचचं दहा पूर्णांक दोन. तुझं एकटीचंच आठ पूर्णांक सात. कुठं चुकलीस?"

ती म्हणाली, "चुकली तर मीच चुकणार, सर. प्रयोग मी एकटीनंच केलाय."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्या डोळ्यांपुढे करमाळ्याचं स्थळ आलं.

परीक्षकांनी तिचा फ्लास्क उचलला. "हे लाल कसं? गुलाबी पाहिजे."

"हळद हाय सर. बाटलीतल्यानं काहीच होईना."

"हळद? हे कुणी सांगितलं तुला?"

"साबणानं. हळदीचा डाग साबणानं धुतला की लाल हुतो. आठवीच्या पुस्तकातबी हाय, सर."

परीक्षकांनी शेजारच्या मुलाच्या फ्लास्कमध्ये भरपूर अल्कली सोडली आणि आमच्या अनुकरणीय बाटलीतले थेंब टाकले. काही नाही. आणखी टाकले. काही नाही.

प्राचार्य म्हणाले, "थंडीत जरा वेळ लागतो, सर." वर पत्रा तापून तडतडत होता!

परीक्षकांनी बाटली हुंगून पाहिली. मागच्या वर्षी ह्याच बाटलीवर सबंध बॅचचं वह्यांत गुलाबी झालं होतं आणि खाली सही त्यांचीच होती. ते त्यांनाही आठवलं असावं.

"पुन्हा करून दाखव," ते तिला म्हणाले.

तिने करून दाखवलं. एका थेंबाचाही फरक आला नाही. परीक्षकांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं, प्राचार्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "जेवायला चला."

बाहेर व्हरांड्यात तिने मला गाठलं. "सर, मी पास का?" मी एवढा शिकलेला माणूस, म्हणालो, "एसटी चुकेल, पळ."

निकाल लागला. तिला प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मिळाले.

बाकीच्यांनाही!

*

पुण्याला जायच्या आधी ती पेढे घेऊन आली. बरोबर वडील, आज साध्या कपड्यांत. प्राचार्य खुशीत होते. "तुझ्यामुळे कॉलेजचं नाव झालं! तुझ्या परीक्षेनंतर आम्ही सुधारणा केली. चल, दाखवतो."

आम्ही सगळे प्रयोगशाळेत गेलो. कपाटाला नवं, मोठं कुलूप होतं. काचेतून आत, पाण्याच्या त्या बाटलीशेजारी, एक नवी बाटली दिसत होती. पिवळीधमक, काठोकाठ. वर प्राचार्यांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी, "इंडिकेटर (हळद). हात लावू नये."

उज्ज्वलाने काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं. मग वळून गोफणे सरांना विचारलं,

"सर, ह्याच्यात पाणी कधी घालणार?"