कोपऱ्यात गोदाम उभं केलंय

राज्याच्या महिला कबड्डी संघाचे सर आमच्या अंजूरच्या घरी आले, तेव्हा मी ओट्यावर बसून चिंबोऱ्या साफ करत होते. माझं लग्न झाल्यापासून ते कधी आमच्या दारात आले नव्हते. मैदानावर ओळख होती, बस. मी हात धुतले, खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. घरामागच्या गोदामाकडे बघत उभे राहिले.

"मॅडम, यंदा राज्याच्या शिबिराला याल का?"

"मी? सर, मला एकेचाळीस पूर्ण झाली."

"खुल्या गटाला वयाची वरची अट नाही. पकड येते की नाही, एवढंच बघतात." मग गोदामाकडे हात करून म्हणाले, "हे गोदाम रिकामंच आहे का?"

मला संशय आला तो त्याच क्षणी.

संशय घेणं मला घरातूनच मिळालं. माझे वडील भिवंडीत कोरं कापड तपासायचं काम करत. तागा उलगडून उजेडात धरायचा, हात फिरवायचा, तुटलेला धागा शोधायचा. ते म्हणत, "दोष असतोच. दिसला नाही, तर बघणारा आळशी." तसंच बघायची सवय मलाही लागली.

मी भिवंडीतल्या एका शाळेत शिक्षिका होते. कॉलेजात असताना राज्याकडून खेळले होते. मग लग्न झालं, दोन मुलं झाली, पण खेळ काही सुटला नाही. गावच्या क्लबकडून डाव्या कोपऱ्यात उभी राहायचे आणि समोरची चढाईला आली की घोटा धरायचे. त्या वर्षी जिल्ह्याकडून खेळताना माझ्या पकडी चांगल्या झाल्या होत्या, हे खरं. पण तशा त्या आधीच्या वर्षीही झाल्या होत्या. तेव्हा कोणी घरी आलं नव्हतं.

गोदाम आमचंच. भाताची जमीन होती, तिथे दिराने ते बांधलं. भाडेकरू सोडून गेला होता. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मोठ्या स्पर्धा आता मातीवर नाही, मॅटवर होत होत्या, आणि पावसाळ्यात मॅट अंथरायला जागा मिळत नव्हती. दिराने सरांना किल्ली दिली. आठवड्याभरात गोदामात निळी मॅट पसरली आणि राज्यभरातून निवडलेल्या संभाव्य मुली तिथे सरावाला येऊ लागल्या. बाहेरगावच्या मुलींची राहायची सोय गावातच झाली. बहुतेक विशीतल्या. त्यांच्यात मी.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "कनाला जातंस बाय त्या पोरींच्यात? हाडा मोरतील."

"मोडली तर घरामागेच मोडतील," मी म्हटलं.

शिबिराच्या मध्यावर सरांनी अंतिम संघ वाचून दाखवला. डाव्या कोपऱ्यासाठी माझं नाव होतं. त्या जागेवर आधी शेलार गावची एक मुलगी खेळायची, तिला वगळलं होतं. तिची धाकटी बहीण मात्र संघात होती आणि नेमकी माझ्या शेजारची जागा तिची. बचावात आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहणार होतो.

नाव वाचल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. थोरली बहीण बूट काढून पिशवीत भरत होती. ती माझ्याकडे न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी गोदामात शिरले आणि आतलं बोलणं थांबलं. तिसऱ्या दिवशीही. मग एकदा मी पत्र्याच्या दाराबाहेर बुटांची नाडी बांधत होते, तेव्हा आतून शेलारच्या धाकटीचा आवाज आला.

"कोपऱ्यात गोदाम उभं केलंय सरांनी. हलतंय कुठं?"

सगळ्या हसल्या. मी नाडी पुन्हा सोडली, पुन्हा बांधली आणि मग आत गेले.

त्याच दिवशी तिने माझा हात सोडला. चढाईला आलेली मुलगी माझ्या अंगावर आली, मी घोट्यासाठी खाली गेले आणि शेजारचा हात गायब. मी एकटीच मॅटवर घसरत गेले, समोरची परत निघून गेली. सर ओरडले, "साखळी! साखळी कुठे गेली?" मी तिच्याकडे बघितलं. ती तळहात पँटला पुसत होती.

एकदा झालं असतं तर घाम म्हटलं असतं. पण ते पुन्हा झालं, आणि परत झालं. मी ताडून बघू लागले. दुसऱ्या कोणाशी साखळी धरताना तिचा हात सुटत नव्हता. थोरली बहीण रोज संध्याकाळी रिक्षाने तिला न्यायला येते, बाहेरच उभी राहते, हेही माझ्या लक्षात आलं. दोघी काय बोलत असतील? मी दोन-चार पकडी अशाच घालवल्या की सर मला राखीवमध्ये बसवणार आणि थोरलीला बोलावणं जाणार. हिशोब सरळ होता. मग मी तिचा हात धरणंच सोडलं. एकटीच खेळू लागले.

पण माझ्या मनाला खरा त्रास त्या मुलीचा नव्हता. तिने जे म्हटलं ते खरं असलं तर?

रात्री जेवताना मी दिराला विचारलं, "तू सरांशी माझ्याबद्दल काही बोलला होतास का?"

त्याने भाकरी मोडली. "वहिनी, तुमचा नाव निघाला व्हता."

"कोणी काढलं?"

"आता बोलता बोलता निघतंच ना."

"किल्ली देण्याआधी की नंतर?"

"तुम्ही म्हंजे पोलीस झाल्या! खेळायला मिलतंय ना? मग खेळा."

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. "सर, गोदाम दिलं नसतं तर मला घेतलं असतं का?"

"गोदाम दिलं नसतं तर सरावच झाला नसता मॅडम."

"हे उत्तर नाही झालं."

"तुम्ही घोटे धरा. उत्तरं नंतर."

दोघंही माझ्याशी खोटं बोलत नव्हते, आणि खरंही सांगत नव्हते. त्या रविवारी मी गोदामाला घरातलं दुसरं कुलूप घातलं, ज्याची किल्ली सरांकडे नव्हती. बघू म्हटलं, आता मला ठेवतात की काढतात.

सोमवारी सर आले, कुलूप बघितलं आणि मुलींना घेऊन क्लबच्या मातीच्या मैदानावर गेले. तिथे चिखल होता. मीही गेले. मला कोणी काढलं नाही. पण संघ आधीच कळवून झाला होता, आता काढता येत नसेल म्हणूनही काढलं नसेल. म्हणजे कुलूप लावूनही मला काहीच कळलं नव्हतं. उलट एका मुलीचा गुडघा चिखलात मुरगळला आणि तिच्या डोळ्यांकडे मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला की बाहेर कोणीतरी भेटायला आलंय. शाळेच्या फाटकाशी शेलारची धाकटी उभी होती. मागच्या गल्लीतले लूम धडधडत होते, त्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागत होतं.

"कुलूप का लावलं?"

"तुलाच हवं होतं ना? आता कोपऱ्यात गोदाम नाही."

ती लाल झाली. "ऐकलं होतं तुम्ही?"

"हात का सोडतेस माझा? बहिणीसाठी?"

"मी सोडत नाही!" ती ओरडली. पलीकडचा पानवाला बघू लागला. "तुम्ही झटकता मॅडम. खाली जायच्या आधी तुम्ही माझा हात झटकून टाकता. तुम्हाला एकटीने खेळायची सवय आहे. मातीवर चालत असेल. मॅटवर समोरची केवढी जोरात येते, तुमच्या एकटीने थांबणार आहे का?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही माझ्या शाळेतल्या बाईंच्या वयाच्या आहात. तुम्हाला कसं सांगू?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ताई घरात माझ्याशी बोलत नाही. मी तुमच्या शेजारी उभी राहते म्हणून. न्यायला येते ती आई पाठवते म्हणून. रिक्षात एक शब्द नाही."

मी तिच्याकडे नीट बघितलं. खोटं बोलणारी मुलं मी रोज बघत होते. हिच्यात मला तसं काही दिसलं नाही. पण दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं मानणाऱ्यातली मी नव्हते.

"चल," मी म्हटलं, "संध्याकाळी करून बघू."

मी कुलूप काढलं. संध्याकाळी आम्ही दोघींनी एकीला चढाई करायला लावली, सावकाश, पुन्हा पुन्हा. मी माझ्याच मनगटावर नजर ठेवली होती. खरंच, खाली वाकताना माझा हात आपोआप मागे यायचा. नेहमी नाही. कधी माझा सुटायचा, कधी तिचाही सुटायचा, आणि तिचा सुटला की मी तिच्याकडे बघायचे आणि तीही माझ्याकडे. आम्ही मैत्रिणी झालो नाही. पण हात धरू लागलो.

राष्ट्रीय स्पर्धा उत्तरेकडच्या एका शहरात होती. पहिल्याच दिवशी खेळाडूंच्या दारावरच्या माणसाने मला अडवलं. "मॅनेजर लोग उधर से." मी अंगावरचा क्रमांक दाखवला. त्याने तो वाचला, माझा चेहरा बघितला, पुन्हा क्रमांक वाचला. समोरच्या संघाच्या बाईंनी पंचांकडे जाऊन काहीतरी विचारलं आणि माझ्याकडे बोट केलं. त्यांनाही वाटत असणार की या बाईला कोणीतरी मागच्या दाराने घुसवलंय. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

उपांत्यपूर्व सामन्यात समोरच्या संघाची सगळ्यात चांगली चढाईपटू सतत माझ्याच कोपऱ्यावर आली. म्हातारी बाई, तीच कच्ची जागा. पहिल्यांदा मी तिला सोडलं. दुसऱ्यांदा तिने माझ्या खांद्याला हात लावला आणि मी बाद होऊन बाहेर बसले. सर माझ्याकडे बघत नव्हते. त्या बाकावर बसून मी मनाशी म्हटलं, झालं, गोदामच ते. मग आमच्या मुलींनी एक पकड केली आणि मी परत आत आले.

शेवटची मिनिटं होती, आम्ही एका गुणाने पुढे. ती पुन्हा आली. बोनस रेषेवर पाय टाकायला तिने डावा पाय लांब केला आणि मी खाली गेले. घोटा हातात आला. ती तरणी, दणकट. मला ओढत मध्यरेषेकडे निघाली. माझा डावा हात तिच्या पायाला होता, उजवा अजून शेलारच्या मुलीच्या हातात, आणि त्या हाताने मला मागे खेचलं तेव्हा मला वाटलं खांदा निखळतोय. मग बाकीच्या तिच्यावर कोसळल्या. उठले तेव्हा माझ्या मनगटावर त्या मुलीची नखं उमटली होती. पंचांनी आम्हाला गुण दिला.

उपांत्य सामना आम्ही साफ हरलो. कांस्यपदक मिळालं. अंजूरच्या नाक्यावर दिराने स्वागताचा फलक लावला होता. त्यावर मी कोपऱ्यात होते आणि तो मधोमध.

दिवाळीनंतर गोदाम एका कंपनीने भाड्याने घेतलं. मॅट गेली. पुढच्या वर्षी सरही बदलले. नव्या प्रशिक्षक बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या, त्यांनी आमचं गोदाम पाहिलंही नव्हतं. मी चाचणीला गेले आणि त्यांनी मला घेतलं. मला आनंद व्हायला हवा होता. तरी मी जाऊन विचारलंच, "मला का निवडलं?"

त्या बाईंनी मान वर केली. "पकड चांगली आहे. आणि तुम्ही येता. तुमच्या जागेवर खेळणाऱ्या मुली लग्न झालं की येत नाहीत."

मी त्या गर्दीत शेलारच्या थोरलीला शोधलं. ती नव्हती. धाकटी म्हणाली, "तिचं लग्न झालं ना. वज्रेश्वरीला दिलीय. तिकडचे नको म्हणतात. ती काही बोलत नाही."

त्या रविवारी आम्ही दोघी वज्रेश्वरीच्या एसटीत बसलो. देवळाच्या बाजूला नारळ-हळदीकुंकवाचं दुकान होतं, मागे घर. थोरलीने दार उघडलं. बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दारातच उभी राहिली.

"तुम्हाला काय पाहिजे आता माझ्याकडून?"

"उजवा कोपरा खेळशील का?" मी विचारलं. "क्लबकडून. डावा मी अजून सोडणार नाही."

"कोणी पाठवलंय तुम्हाला?"

"कोणी नाही."

"मग कशाला आलात?"

मी काय सांगितलं असतं तरी तिला खरं वाटणार नव्हतं, हे मला दिसत होतं. आतून तिच्या सासूने विचारलं, कोण आहे गं. थोरलीने मागे वळून बघितलं. मग म्हणाली, "भिवंडीच्या शाळेतल्या बाई आहेत," आणि आम्हाला आत यायला वाट दिली. पाणी आणून दिलं, पण बसली नाही. माझ्या प्रत्येक वाक्यानंतर ती बहिणीच्या चेहऱ्याकडे बघायची. सासूने बरेच प्रश्न विचारले, मी शिक्षिकेच्या आवाजात उत्तरं दिली. निघताना कोणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

होळीच्या आधी एका संध्याकाळी ती क्लबच्या मैदानावर आली. नवरा मोटरसायकलवर बाहेर थांबला होता, हात बांधून, आमच्या प्रत्येकीकडे निरखून बघत. तिने चपला काढल्या आणि उजव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.