नैनीतालहून पनवेलला लावलेला फोन

काठगोदामला रेल्वे संपते आणि तिथूनच डोंगर सुरू होतो. आमची बस पहिल्या वळणाला लागली तशी जनार्दनरावांनी पुढच्या बाकाची दांडी धरली, ती शेवटच्या वळणावर झाडांमधून तळं दिसलं तेव्हाच सोडली. चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये हिरवंगार, स्वस्थ पाणी. ते बराच वेळ बघत राहिले.

"बाई, या पान्याला भरती-ओहोटी नाय," ते म्हणाले. "आमच्या मिठागरावर असता तं कामच नसता झाला."

पनवेलच्या ज्या शाळेत मी शिकवत होते, तिथेच ते कार्यालयात कारकून. चिरनेरजवळच्या मिठागरवाल्या घरात वाढलेले. शाळेत ते शुद्ध बोलायचे, पण मन मोकळं झालं की गावची भाषा यायची. मला 'बाई' म्हणायची सवय मात्र लग्नानंतरही गेली नाही. दोघांनीही पन्नाशी ओलांडली होती. मी विधवा, मूलबाळ नाही, आणि मासे न खाणारी. ते विधुर, त्यांना एकच मुलगी, नीलिमा, लग्न होऊन नवीन पनवेलला राहणारी. त्या उन्हाळ्यात आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि नीलिमाने आमच्याकडे येणं थांबवलं. फोन मी उचलला, तर ती काही न बोलता ठेवून द्यायची. मला तिचा राग येत नसे. तिची आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. दिवाळी उलटल्यावर शाळेच्या सुट्टीतले काही दिवस उरले होते, तेव्हा जनार्दनरावच म्हणाले, "कुठंतरी लांब जाऊन येऊ."

नैनीतालचे दोन भाग. तळ्याचं खालचं टोक तल्लीताल, वरचं मल्लीताल. आम्ही मल्लीतालला रावत नावाच्या गृहस्थांच्या छोट्या हॉटेलात उतरलो. स्वयंपाक त्यांच्या आई करायच्या. सगळे त्यांना आमा (आजी) म्हणत. पहिल्या जेवणाला त्यांनी मडुव्याची रोटी (आपली नाचणीची भाकरी) आणि भट्ट (काळे सोयाबीन) घालून केलेली दाट आमटी वाढली. वर घरचं तूप. जनार्दनरावांनी तिसरी भाकरी मागितली, तशा आमा माझ्याकडे बघून हसल्या. "पहाड़ की हवा है, भूख लगती है।"

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. नैनादेवीचं दर्शन घेऊन आम्ही नाव केली. तळ्याच्या मध्यावर पोचलो आणि डोंगरामागून ढग उतरले. बघता बघता गारांचा मारा सुरू झाला. नावाड्याने जोर लावला, तरी काठ गाठेपर्यंत आम्ही ओलेचिंब झालो. जनार्दनरावांनी आपली शाल काढून माझ्या डोक्यावरून पांघरली होती. मी नको म्हणत होते, ते ऐकत नव्हते.

सकाळी ते उठलेच नाहीत. अंग तापलेलं, श्वास लागलेला, बोलणं असंबद्ध. रावत धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी छाती तपासली, कफ फुप्फुसात उतरतोय म्हणाले आणि औषध लिहिता लिहिता थांबले.

"इनको कोई दवा मना तो नहीं है?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका शाळेत काढली, पण हे मला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. मी त्यांना हलवून विचारलं. "एक गोळी व्हती... अंग सुजला व्हता," एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. कुठली गोळी, ते सांगता येईना.

डॉक्टर म्हणाले, "घर में किसी को पता होगा। पूछ लीजिए, मैं रुकता हूँ।"

हॉटेलच्या फोनवरून बाहेरगावी लावता येत नव्हतं, म्हणून आमा त्यांच्या उशाशी बसल्या आणि मी माल रोडवरच्या एसटीडी बूथवर गेले. लाइन लागेना. पुन्हा पुन्हा फिरवल्यावर पलीकडे नीलिमाचा आवाज आला.

"नीलिमा, फोन ठेवू नकोस," मी म्हणाले. "बाबांना बरं नाही. त्यांना कुठलं औषध चालत नाही, तेवढं सांग."

मला वाटलं, ती ठेवणारच.

"सल्फा," ती म्हणाली. "सल्फाची गोळी अजिबात द्यायची नाही. आईने मला पाठ करून ठेवायला लावलं होतं." मग तिने घाईने विचारलं, "खूप त्रास होतोय का त्यांना?"

"डॉक्टर हॉटेलात त्यांच्याजवळ थांबलेत. मीही आता तिकडेच जातेय."

"तुम्ही हलू नका त्यांच्याजवळून," ती म्हणाली. "आणि मला हॉटेलचा नंबर द्या."

मी धावत हॉटेलात परतले. डॉक्टरांनी सल्फा हा शब्द ऐकला आणि लिहिलेली ओळ खोडून दुसरं औषध लिहिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तोवर आमांनी दिवसभर काढे आणि पातळ खिचडी केली, शेगडी पेटती ठेवली. मी त्यांचे आभार मानायला गेले, तर म्हणाल्या, "मेहमान बीमार पड़े तो घर का हो जाता है।"

नीलिमाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. आधी बाबांची चौकशी. शेवटच्या दिवशी तिने मला विचारलं, "आणि तुम्ही जेवलात का?"

बर्फाची शिखरं बघायची राहिलीच. उरलेले दिवस आम्ही व्हरांड्यात उन्हाला बसून काढले. खाली तळ्यात नावा जात-येत होत्या आणि ते मला मिठागरावरच्या, नीलिमाच्या, तिच्या आईच्या गोष्टी सांगत होते. त्या बाईंबद्दल मी इतकी वर्षं काही विचारलं नव्हतं. आता विचारलं. त्यांनी लेकीकडून पाठ करून घेतलं नसतं, तर मी यांना घेऊन परत आले असते की नाही, कुणास ठाऊक. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

पनवेलच्या एसटी स्टँडवर नीलिमा उभी होती. तिने बाबांचा हात धरला, माझ्या हातातली बॅग घेतली आणि रिक्षा सरळ आपल्या घरी न्यायला सांगितली. ताटं वाढली. बाबांच्या ताटात बोंबलाचं कालवण होतं. माझ्यासमोर वरणभात, बटाट्याची भाजी आणि लिंबाची फोड ठेवत ती म्हणाली, "तुमचं वेगळ्या भांड्यात केलंय. बसा ना."