वाकडा दस्ता

पोलीस ॲक्शननंतर बंदुका सरकारजमा झाल्या आणि औरंगाबादेत अन्सार मिस्त्रींच्या दुकानात महिन्याला एखादीच दुनळी येऊ लागली. उरलेल्या चार-पाच परवानेवाल्यांत लासूर स्टेशनचे आप्पासाहेब सगळ्यांत वजनदार. त्यांनी नावं ठेवली की बाकीचे दुकानाची पायरी चढणार नाहीत, हे अन्सारला ठाऊक होतं.

आप्पासाहेब एकच बंदूक तिसऱ्यांदा घेऊन आले.

“आजबी वीतभर डावीकडंच मारती. तुझ्या बापाच्या हाताला असं नव्हतं, अन्सार.”

अन्सारनं दातावर दात दाबले. त्यानं नळ्या तपासल्या होत्या. गरम जवसाच्या तेलानं बंदुकीचा लाकडी दस्ता थोडा वाकवलाही होता. गावाबाहेरच्या खदानीत त्याच्या हातून छर्रे कागदाच्या मधोमध बसत. आप्पासाहेबांच्या हातात गेली की तीच बंदूक खोटी ठरे.

“साहेब, दोन्ही डोळे उघडे ठेवा अन् माझ्या नाकावर बोट रोखा.”

“खेळ लावलाय व्हय?” म्हणत त्यांनी बोट रोखलं. बोटाच्या टोकामागं अन्सारला त्यांचा डावा डोळा दिसला. उजव्यावर दुधाळ पडदा होता. बंदूक उजव्या खांद्याला आणि नेम डाव्या डोळ्याचा, म्हणून छर्रे डावीकडं.

“डोळा दाखवा एकदा डॉक्टरला.”

“उडता तित्तर पाडतो मी! मला काय बी झालं नाय. तू बंदुकीचं बघ.”

मग अन्सारनं शिसवीचा नवा दस्ता कोरला. एवढा वाकडा, की मागचं टोक उजव्या खांद्यावर टेकलं तरी नळ्या डाव्या डोळ्यापुढं याव्यात. महिना गेला. असं काम त्याच्या बापानंही केलं नव्हतं, आणि साहेबांच्या डोळ्यापायी ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

नेमबाजीच्या स्पर्धेच्या दिवशी आप्पासाहेबांनी हवेत उडवलेल्या मातीच्या पंचवीस तबकड्यांपैकी एकवीस फोडल्या. लोक जमले. दुसरे परवानेवाले, सिल्लोडचे काकासाहेब, यांनी ती बंदूक खांद्याला लावली आणि हसू लागले.

“आयला, ही तर केळ्यासारखी वाकडी! कुणाची कारागिरी?”

“ह्याची,” आप्पासाहेब म्हणाले. “नजर गेली बिचाऱ्याची. मी म्हणून अशा बंदुकीनं मारतो.”

सगळे अन्सारकडं बघू लागले. काकासाहेबांची बंदूक दुरुस्तीला यायची होती, ती आता येणार नव्हती. अन्सारनं बोट उचललं, दोन्ही डोळे उघडे ठेवून आप्पासाहेबांच्या नाकावर नीट रोखलं.

“काय रे?”

“काय नाय, साहेब,” अन्सार म्हणाला आणि बोट खाली घेतलं.