उरलेले तिघे

यंत्रयुगाच्या गोष्टी लिहायचो, त्या दिवसांची मला आता शिसारी येते. सोलापुरात शाळामास्तर होतो. गिरणीच्या भोंग्यावर उठायचो आणि फावल्या वेळात शंभर वर्षांपुढचं जग कागदावर उभं करायचो. एका मासिकाचे संपादक पाठ थोपटायचे, त्यामुळे मला शिंगं फुटली होती.

शेजारचा तेलुगू विणकर गिरणीत मागावर होता. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धागा त्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायला तोंड लावून श्वास ओढायचा, ही तिथली रीत. सुताची धूळ, तेल, सगळं घशात जाई. त्याच धोट्याला दुसऱ्या पाळीतल्या माणसाचंही तोंड लागलेलं असे. हे ऐकलं आणि लगेच मला गोष्ट सुचली. असा माग, जो कांडी आपली आपण बदलतो आणि एकच विणकर खुर्चीत बसल्याबसल्या चौघांचं काम उरकतो.

पहिल्यांदा त्यालाच वाचून दाखवली. तो खूश झाला. ‘लई ब्येस की, मास्तर! दुसऱ्याची थुंकी गिळायला नको.’ मग म्हणाला, ‘पन चौघांचं काम एकानं केलं, तर ऱ्हायलेले तिघं कुटं गेले?’

मी वैतागलो. म्हटलं, ‘अरे बाबा, शंभर वर्षांपुढची गोष्ट आहे. तिथे असल्या भानगडी नसतात.’ खरं तर त्या तिघांचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! गोष्ट तशीच छापली गेली.

शंभर कसली, दोन वर्षंसुद्धा गेली नाहीत. तसले माग त्याच्या खात्यात आले. कानावर आलं तसा मी अंक काखेत मारून गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिलो. कामावरून कमी केलेली माणसं आपापला डबा घेऊन बाहेर पडत होती. त्यांत तोही होता. त्याच्या घरात खाणारी सहा तोंडं, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याला गाठून विचारलं काय, तर ‘धोट्याला तोंड लावावं लागत नाही ना आता?’

‘न्हाय लागत,’ तो म्हणाला. ‘तुमी लिवलं तसंच हाय.’ त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी संपादकांना पत्र लिहायला बसलो, की माझं भाकीत अक्षरशः खरं ठरलं आहे. शेजारी त्याची बायको रडत होती. मी उठून खिडकी लावून घेतली आणि पत्र पुरं केलं.