जावईबापूंच्या हाताचा गुण

चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात उमर घालवलेल्या माणसाला कोंबडीच्या डोळ्यातलं काय कळणार? पण हे सासूबाईंना कोण सांगणार? दुकान बंद पडलं, भाड्याची खोली सोडावी लागली आणि तो बायकोसह सासूबाईंच्या घरी राहायला आला. पाठोपाठ थंडी आली आणि परसातल्या कोंबड्यांचे डोळे आले. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही डोळ्यांतलेच ना?" वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा तो त्या घरात डॉक्टर झाला.

उकळलेलं पाणी कोमट करायचं, त्यात चिमूटभर मीठ टाकायचं, कोंबडी काखेत दाबून कापसानं चिकटलेली पापणी हलकेच सोडवायची. सुरुवातीला त्यानं भरपूर चोची खाल्ल्या, मग हात बसला. जनावरांच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि बजावलं, "खुराड्यात हवा खेळू द्या. ओल्या भुशाच्या उग्र वासानंच डोळे जळतायत. भुसा कोरडा ठेवा आणि झरोका उघडा." त्यानं भुसा बदलला, झरोका मोकळा केला.

त्याला घाई होती. जुन्या मालकांनी दुसऱ्या शहरात दुकान थाटलं होतं आणि त्याला बोलावलं होतं. जागा ते फार दिवस रिकामी ठेवणार नव्हते. इथं वाढतील ते खायचं, बोलतील ते ऐकायचं आणि वर गल्लीनं घरजावई म्हणून हसायचं. त्याचा जीव गुदमरायचा. बायको म्हणाली, "जाऊ की. पण आईच्या कोंबड्या अशा आंधळ्या टाकून कसं निघायचं? डोळे तेवढे बरे होऊ द्या." म्हणणं रास्त होतं.

डोळे मात्र बरे होईनात. दिवसा अंगणात जरा उघडायचे, सकाळी पुन्हा सुजलेले. आणि रोज सकाळी झरोक्यात पोतं कोंबलेलं. सासूबाईंना थंडीची भारी धास्ती, म्हणून त्यानं त्यांनाच गाठलं.

"आई, झरोका बुजवू नका हो."

"मी कशाला बुजवू? माझा हात तरी पोचतो का तिथवर?"

हात खरंच पोचत नव्हता. एका संध्याकाळी बाजारातून लवकर परतून तो थेट परसात गेला, तर बायको स्टुलावर उभी राहून झरोक्यात पोतं कोंबत होती. आत कोंबड्या शिंकत होत्या.

"तू?"

ती खाली उतरली नाही. "डोळे बरे झाले की तुम्ही मला घेऊन निघणार. आई इथं एकटी."

"मग बोलली का नाहीस? मुक्या जिवांचे हाल कशाला केलेस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? निघायचं कधी, एवढंच विचारलंत. येतेस का, असं कधी विचारलंत?"

विचारलं नव्हतंच. हिला इथंच ठेवून जावं, तर तिकडे कुणासाठी कमवायचं? आणि राहावं, तर हेच परस जन्मभर. इकडे आड, तिकडे विहीर. आत एक कोंबडी बंद डोळ्यांनी पाण्याचं भांडं शोधत भिंतीवर आपटत होती.

"नाही जात मी," तो म्हणाला. "ते पोतं काढ."

तिनं पोतं काढलं.

मग कोंबड्या भराभर सुधारल्या. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या, जावईबापूंच्या हाताला गुण आहे. शेजारणीही आपापल्या आजारी कोंबड्या टोपलीत घालून आणू लागल्या. कापूस आणि मिठाचं पाणी घेऊन तो ओट्यावर बसलेला असतानाच मालकांचा फोन आला.

"काय रे, येतोस कधी?"

येत नाही, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते म्हटले, की संपलंच सगळं.

"एवढ्यात जमणार नाही, मालक," तो म्हणाला. "घरच्या कोंबड्यांचे डोळे आलेत."

समोर घरच्या सगळ्या कोंबड्या टक्क डोळ्यांनी दाणे टिपत होत्या.